पोटुशी असल्याचा दाखला

कालव्यावरून, ४ नोव्हेंबर १९८४
तोदेरच्या हाती

डोम्निका,

तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. बरं, नको देऊस. ऑगस्टात गवत कापायला आलो होतो तेव्हा निघताना मी बोललो ते बोललो, पण तूही काही कमी बोलली नाहीस. "तुझ्या पायाला भिंगरी आहे गाव्रिल, लाकूडतोड झाली, खाण झाली, आता कालवा. उद्या समुद्र उपसायला जाशील." हे तू आईच्या देखत म्हणालीस, आणि आई हसली. माझी आई असून तुझ्या बाजूने हसली. मला ते जास्त लागलं.

हे पत्र तोदेर आणून देईल, लाकडाच्या ट्रकवरचा आपल्या गावचा. टपालाची पत्रं आपल्या आधी दुसरंच कुणी वाचतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून खरं ते तोदेरच्या हाती आणि गोडगोड ते टपालाने, असं मी ठरवलंय. तूही तसंच कर. म्हणजे लिहिलंस तर.

आता बातमी ऐक. आपल्याला खोली मिळतेय! कालव्याच्या कामगारांसाठी नव्या इमारती उभ्या राहिल्यात, चौथा मजला, गॅसची शेगडी, गच्चीसारखा लहानसा सज्जा. माझ्या पुढे यादीत दोनशे नावं होती. यादी सांभाळते ती कॉम्रेड प्लेशा, चष्म्याला दोरी बांधलेली. मी रोज जाऊन तिचं डोकं खायचो. परवा ती म्हणाली, "हुत्सानु, एका पोरीला काय कुटुंब म्हणायचं? देशाला चार लागतात, पाच लागतात. दुसरं वाटेवर असलं तर सांगा, वरचा नंबर देते."

मी म्हणालो, "आहे."

तोंडातून निघून गेलं गं. ती म्हणाली, "कितवा?" मी म्हणालो, "तिसरा." मग दाखला लागतो म्हणाली. इथल्या दवाखान्यातल्या नर्सला अमेरिकन सिगारेटची दोन पाकिटं दिली आणि तिने लिहून दिला. डोम्निका हुत्सानु, वय चोवीस, पोटुशी, तिसरा महिना. तू सातशे किलोमीटर लांब गिरणीत सूत काततेयस आणि इथे तुझी तपासणीसुद्धा झाली!

रागावू नकोस. इथे सगळे हेच करतात. तोदेर अजून बिनलग्नाचा, त्यामुळे पोर नसल्याचा कर त्याच्या पगारातून कापतात. तो म्हणतो, "मी न झालेल्या पोरासाठी दंड भरतो, तू न झालेल्या पोरावर खोली घेतोस. शहाणा कोण रे?" फेब्रुवारीत सांगून टाकू, बर्फावर पाय घसरला, पडलं. पडलेल्या पोराचं कोण काय करणार?

तोवर खोली हातात. तू, मी, व्हेता. मी पुन्हा कुठे जाणार नाही. एकदा खरंच बसून बघतो एका जागी.

गाव्रिल

कालव्यावरून, २ डिसेंबर १९८४
टपालाने

प्रिय पत्नी डोम्निका हिस,

मी खुशाल आहे. काम जोरात चालू आहे. आमच्या तुकडीने नोव्हेंबरचं काम सहा दिवस आधी पुरं केलं, आम्हाला लाल निशाण मिळालं. आपल्या घरात दुसरं बाळ येणार म्हणून कॉम्रेड लोकांनी माझं अभिनंदन केलं. स्वतःला जप. जड उचलू नकोस. दूध पी. माझ्या वीरांगना मातेला सांग की, तिने दहा लेकरं जन्माला घातली त्या मार्गाने तिची सूनही चालली आहे.

व्हेताला पापा.

तुझा पती गाव्रिल हुत्सानु

कालव्यावरून, २८ डिसेंबर १९८४
तोदेरच्या हाती

डोम्निका,

मी घरी आलो ते तीन दिवसांसाठी, नाताळाआधीचा डुक्कर मारायचा दिवस सोडवत नाही म्हणून. आणि तू तीन दिवस भिंतीकडे तोंड करून. आई म्हणे सर्दी-ताप. सर्दी-तापाने माणसाचे ओठ पांढरे होतात का? मी विचारलं तर आई म्हणाली, "तू डुकराचे पाय धर, बायकांचं बायका बघतील."

दाखल्याचा राग आहे हे मला कळतं. पण बोलायचं ना! शिव्या घालायच्या!

डुक्कर झकास निघालं, एवढं मात्र खरं. गवताच्या जाळावर कातडी भाजताना शेजारचे सगळे जमले. व्हेताला कानाचा करकरीत तुकडा हवा होता, तो मी तिला दिला. मांसाला मीठ लावायच्या वेळी मी म्हणालो, डोम्निकाला उठवा, तिचा हात मिठाला चांगला. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की बास. म्हणाली, "तिची पाळी आहे. हिवाळाभरचं मांस नासवायचंय का तुला?" मी परत मिठाकडे वळलो. मनात हसूही आलं, की दाखल्यावर पोटुशी असलेली माझी बायको घरात पाळीची आहे आणि सरकारला पत्ता नाही.

मग आई सॉसेज भरायला बसली तेव्हा मी तिला दाखल्याचं सांगितलं. तू सांगितलं असशील असं मला वाटलं होतं. तिचा हात आतड्यातच थांबला.

"कुणाला विचारून?"

"सगळे करतात आई."

"कुठे जातो तो कागद?"

"कुठे जायचाय? फायलीत."

"फायली एका जागी बसतात असं वाटतं तुला? तुझ्यासारख्याच असतात त्या. भटक्या."

मग ती उठली. हात धुतले, स्टुलावर चढली आणि दहा पोरांबद्दल सरकारने दिलेलं वीरांगना मातेचं ते पदक चुलीमागच्या भिंतीवरून काढून बरोबर दारासमोर टांगलं, आत येणाऱ्याला पहिलं तेच दिसावं असं. मी चेष्टा केली, "काय गं आई, दहाव्याची पार्टी द्यायची राहिली होती का?" एरवी ती लाटणं घेऊन धावली असती. आपली आई ती. दहा काढली, पाच पुरली, आणि पाचव्याच्या मातीवरून आल्या आल्या सहाव्यासाठी भाकरी भाजली, असं सगळं गाव सांगतं. त्या दिवशी मात्र तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला ते आवडलं नाही.

खोलीची किल्ली मिळाली. भिंतींना चुन्याचा वास येतो. मार्चमध्ये तुम्हाला न्यायला येतो.

गा.

कालव्यावरून, २६ जानेवारी १९८५
टपालाने

डोम्निका!

आज मला कामावरून उठवून कचेरीत नेलं. प्लेशाबाई बाहेर उभी होती, माझ्याकडे बघेना. तिच्या खुर्चीत एक अनोळखी माणूस सफरचंद सोलत बसला होता. मला एक फोड दिली. मी घेतली.

म्हणाला, "हुत्सानु, अभिनंदन. कितवा आता?"

मी मोजून सांगितलं, "सहावा."

"मग पोट कुठे गेलं?"

मी म्हणालो, बर्फावर पाय घसरला असेल, मला इथे काय कळणार. तो ऐकत राहिला, साल तुटू न देता सोलत राहिला. मग सांगितलं. माझा दाखला इथून तुझ्या गिरणीच्या दवाखान्यात गेला, पोटुशीला जास्तीचं दूध द्यायचं म्हणून. त्यांनी तुला बोलावलं, टेबलावर घेतलं. तिथल्या डॉक्टरने लिहून दिलंय की या बाईला दिवस गेले होते आणि ते आपोआप पडलेलं नाही. कुणीतरी हात घातलाय.

म्हणजे मी खोटं लिहून दिलं आणि ते खरंच होतं! माझं होतं ना? ऑगस्टातलं? मला सोडून सगळ्यांना ठाऊक! मी इथे थंडीत चिखल उपसतोय, खोलीसाठी लोकांचे पाय धरतोय, आणि तिथे कुठल्या तरी म्हातारीच्या हातून तू माझं पोर काढून घेतेस? गळून पडली होतीस ती या पायी. मेली असतीस तर? व्हेताला मी काय सांगणार होतो?

तो माणूस म्हणाला, "तुझ्या बायकोने नाव सांगितलं तर तिला सोडतील. आम्हाला बाई नकोय, तो हात हवाय. आठ दिवस रोज चौकशीला बोलावतायत, ती तोंड उघडत नाही. तू नवरा आहेस, तू समजाव."

म्हणून समजावतोय. सांग ना नाव! कोण लागते तुझी ती म्हातारी? तुझ्यासाठी ती तुरुंगात जाईल का? जिने असे हात घातले ती सडू दे. तू सांग आणि मोकळी हो. माझ्यासाठी नको सांगूस, व्हेतासाठी सांग.

कचेरीच्या दारातच लिहितोय, इथल्याच पेटीत टाकतो.

गाव्रिल

कालव्यावरून, ९ फेब्रुवारी १९८५
तोदेरच्या हाती. वाचलंस की चुलीत घाल.

डोम्निका,

तुझी चिठ्ठी तोदेरने काल दिली. सहा महिन्यांत पहिली. मी ती इतक्यांदा वाचलीय की पाठ झाली. तू लिहिलंस ते पुन्हा तुझ्यासमोर ठेवतो, कारण मला ते स्वतःच्या हाताने एकदा लिहायचंय, मगच डोक्यात शिरेल.

"नाव हवंय ना. तुझी आई. व्हेताच्या वेळी मी दोन दिवस मेल्यात जमा होते, तू खाणीत होतास. डॉक्टरीण तोंडाने म्हणाली पुन्हा नको, पण लिहून देईना. पाडायची सूट चार पोरांनंतर. सप्टेंबरात मला कळलं. ऑक्टोबरात गिरणीत सगळ्या बायकांची पोटं तपासली, तेव्हा माझ्या नावाने दुसरीच टेबलावर आडवी झाली, नर्सने मान वर करून पाहिलंही नाही. नोव्हेंबराच्या शेवटी आईंनी केलं. केलं आणि रात्रभर माझे पाय धरून बसल्या. कुणाला काही कळलं नव्हतं. तुझा दाखला गिरणीत आला नसता तर आजही नसतं कळलं. तुझ्या टपालाच्या पत्राआधी ते शहरातल्या नर्सांना उचलत होते. तू म्हातारी लिहिलंस. आता गावातल्या म्हाताऱ्या एकेक करून नेतायत. शेजारची अन्यूत्सा परत आली ती बोलत नाही, नुसती शेगडीजवळ बसते. मी नाव सांगणार नाही. पण आई म्हणतात, मीच जाऊन सांगते, माझं आता काय राहिलंय."

तिला जाऊ देऊ नकोस. दार बंद कर, खुंटीला बांध, काय वाटेल ते कर. जाऊ देऊ नकोस.

तू सांगत होतीस की मी कुठे एका जागी बसत नाही म्हणून सगळं बिघडतं. एका जागी बसायला गेलो तर हे झालं. व्हेताच्या वेळचं मला ठाऊक नव्हतं. नाही. खरं सांगतो. थोडं ठाऊक होतं. थोरल्या बहिणीने खाणीत निरोप पाठवला होता की अवघड आहे, ये. मला कामाची पाळी बदलून मिळाली असती. मी विचारलंच नाही. मला रक्ताची भीती वाटते. डुकराचे पायसुद्धा मी डोळे मिटून धरतो, हे आईला माहीत आहे.

म्हातारी हा शब्द मी का लिहिला तेही सांगतो. आपल्याकडे हे काम म्हाताऱ्याच करतात, हे मला पोरवयापासून ठाऊक. आपल्या आईकडे रडत आलेल्या बायका मी पाहिल्यात, परसदाराने, स्कार्फ पुढे ओढून. मला बाहेर बदकांकडे पाठवायची. पोराला काय कळतं, असं तिला वाटायचं. मला कळायचं. आणि तरीही लिहिताना ती माझ्या ध्यानात आली नाही. दहा पोरांचं पदक छातीवर असलेली बाई हे करील असं कुणाच्या मनात येतं? त्यांच्याही येत नाहीये अजून. तेवढाच वेळ आपल्या हातात आहे.

आता नीट ऐक.

आमच्या बराकीत पँटेलिमोन म्हणून एक गवंडी आहे, सात वर्षं आत काढून आलेला. कायदा त्याला प्रार्थनेसारखा पाठ. मी त्याला दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बाईच्या मर्जीने केलं तर बाई आत, करणारा आत. बाईच्या मर्जीविरुद्ध केलं, तर बाई सुटते आणि करणारा दुप्पट आत. कुणाची गोष्ट आहे रे ही, तुझ्या तोंडाला रंग नाही ती?" मी म्हणालो, चुलतभावाची. तो म्हणाला, "मग चुलतभावाला सांग, लोकरी मोजे दोन जोड ने. तिथे पाय जातात आधी."

त्यांना हात हवाय. माझे दोन आहेत.

पुढचं पत्र टपालाने येईल. त्यात मी फार वाईट असेन. ते आधी त्यांच्याकडे उघडेल, मगच तुझ्याकडे येईल, किंवा येणारही नाही, तेच तुला वाचून दाखवतील. वाचतील तेव्हा नाही म्हणू नकोस. लगेच होही म्हणू नकोस, आधी रड, मग हो म्हण. इतके दिवस का बोलली नाहीस असं विचारलं, तर सांग, नवऱ्याला भ्याले. ते मान डोलावतील. त्यांना ते पटतं.

तारीख पक्की धर. डुकराच्या दुसऱ्या दिवशी, एकवीस डिसेंबर. नोव्हेंबर हा महिनाच तू विसर. त्या दिवशी आई अन्यूत्साकडे चरबी द्यायला गेली होती, ती खरंच गेली होती, चार लोकांनी पाहिलंय.

आईला मात्र हे कळता कामा नये. तिला कळलं तर ती पळत जाऊन कबूल करेल आणि मग आपण तिघंही आत आणि व्हेता अनाथालयात. तिला माझं खोटं खरं वाटू दे. तिने मला शाप दिला तर देऊ दे. नोव्हेंबरात तिने स्वतःच केलंय, म्हणून ती गोंधळेल. तिला सांग की पोटात थोडं राहिलं होतं, आणि गाव्रिलला कळलं तेव्हा त्याने दारू पिऊन मला धरलं. एवढं सांग. तिला माझ्याबद्दल ते खरं वाटेल. मी विचार केलाय, वाटेल.

तुला मी न विचारता एकदा पोटुशी केलं आणि न विचारता एकदा कागदावर पोटुशी केलं. आता तिसऱ्यांदा न विचारताच करतोय. यावेळी रागावलीस तर मला कळवायला जागा नसेल.

तोदेरला जेवू घाल. तो काही विचारणार नाही.

गाव्रिल

कालव्यावरून, ११ फेब्रुवारी १९८५
टपालाने

डोम्निका,

तू अजून माझं नाव सांगितलं नाहीस असं कळलं. भ्यालीस म्हणून. आता भिऊ नकोस, मीच सांगतो. कचेरीतल्या माणसापुढे मी साधू असल्यासारखा वागलो आणि तुलाच उलटं लिहिलं की सांग कोण म्हातारी. ते मी स्वतःवरचा संशय टाळायला लिहिलं. कुठलीही म्हातारी नाही. गावातल्या बायकांना उगाच त्रास होतोय, त्यांचा यात काही संबंध नाही.

केलं ते मी. एकवीस डिसेंबरला सकाळी. माझी आई घरात नव्हती, शेजारी चरबी द्यायला गेली होती. पोरगी अंगणात होती. मी आदल्या दिवसापासून पीत होतो. तुला ते मूल हवं होतं. तू मला सांगितलंस, कपडे विणायला घेतले होतेस. मी म्हणालो, दाखला खोलीसाठी होता, खोली आता मिळतेच आहे, मूल कशाला? खायला तोंड कशाला? तू नाही म्हणालीस. मी तुला मारलं. मग मी जे केलं ते आमच्या खाणीतल्या एका माणसाकडून ऐकून केलं, तो मेला आहे. कशाने केलं ते मी तपासणाऱ्यांना दाखवीन. तू ओरडायला लागलीस तेव्हा मी तुझं तोंड दाबलं. तू मला थांब म्हणालीस, मी थांबलो नाही.

नंतर आई घरी आली तेव्हा तिला आम्ही सर्दी-ताप सांगितलं. तिने दहा मुलं देशाला दिली आहेत, तिला असल्या गोष्टींची घृणा आहे. तिला हे कळलं तर ती मला घरात घेणार नाही, आणि ते बरोबर आहे.

तू घटस्फोट माग. माझ्यासारख्याच्या बायकोला लवकर देतात. खोली मी आज परत केली, किल्ली कॉम्रेड प्लेशाच्या टेबलावर ठेवली. ती नुसती चष्म्याची दोरी सरळ करत राहिली. त्या खोलीत आता ज्या कुटुंबाला खरंच मूल होणार आहे त्यांनी राहावं.

सफरचंदवाले कॉम्रेड गुरुवारी पुन्हा येणार आहेत असं ऐकतो. मी कुठे जाणार नाही. बराकीतच बसून राहीन.

व्हेता मला विचारील. तिला खोटं सांगू नकोस. सांग, बापाने केलं.

हे सगळं मी शुद्धीवर असताना, माझ्या हाताने, कुणाच्या दडपणाशिवाय लिहिलं आहे.

गाव्रिल हुत्सानु, झाहारिया आणि प्रोफिरा यांचा मुलगा, वय सत्तावीस, शिक्षण चार इयत्ता